आजोबांच्या ट्रंका: फौजी, बातमीदार आणि लेखक असलेल्या माणसाच्या कागदांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. फौज सुटल्यावर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात बातमीदार झाले, पुढे उपसंपादक, आणि उतारवयात कथा-आठवणी लिहिल्या. आता घर रिकामं करायचंय. पत्र्याच्या दोन ट्रंका, गोणीभर कात्रणं, बुटांच्या खोक्यात फोटो आणि पदकं. घरच्यांचा बेत असा की सगळं विषयवार लावायचं, महत्त्वाचं तेवढं लॅमिनेट करायचं, उरलेलं रद्दीत घालायचं आणि मग एखाद्या संस्थेला द्यायचं. चालेल का?

लॅमिनेशन नको, रद्दी नको, आणि विषयवार लावणं तर अजिबातच नको. शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन चुका काही कागदांपुरत्या असतात, ही चूक सगळ्या संग्रहाची असते.

अशा माणसाच्या कागदांचं मोल सुट्या कागदात कमी आणि कागदांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात जास्त असतं. समजा, ९ एप्रिल १९४५ची रात्र आहे. आठव्या हिंदी डिव्हिजनने त्या दिवशी इटलीत सेनियो नदीवर हल्ला चढवला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधल्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच लढाईत. त्या बटालियनमधल्या एखाद्या जवानाने रात्री खिशातल्या वहीत दोन ओळी खरडल्या. आठवड्याने घरी पत्र टाकलं, पण सेन्सॉर असल्याने त्यात ना नदीचं नाव, ना मेलेल्यांचं. ‘मी खुशाल आहे, पाऊसपाण्याचं कळवणे’ एवढंच. वीस वर्षांनी, १९६५च्या युद्धाच्या दिवसांत, त्याच रात्रीवर त्याने पेपरात लेख लिहिला. त्यानंतर कधीतरी आठवणींच्या हस्तलिखितात तीच रात्र पुन्हा आली, या वेळी पाच पानं, त्यातले दोन परिच्छेद खोडलेले. एकच रात्र, चार कागद. वहीत होतं ते लेखात का आलं नाही, लेखात होतं ते हस्तलिखितात का खोडलं, हे चारही शेजारी ठेवले तरच कळतं. अभ्यासक शोधत येतो तो याचसाठी. लढाई कशी झाली ते त्याला इतर शंभर ठिकाणी मिळतं.

आता हे विषयवार लावलं तर वही ‘लष्कर’मध्ये जाते, पत्र ‘घरगुती’त, लेख ‘कात्रणं’मध्ये, हस्तलिखित ‘साहित्य’मध्ये. त्याने स्वतः काय केलं असेल? लेख लिहायला बसताना जुनं पत्र ट्रंकेतून काढून लेखाच्या कच्च्या खर्ड्याला टाचणीने लावून ठेवलं असेल. मग ती गंजलेली टाचणीच पुरावा आहे की लेख त्या पत्रावरून लिहिला. ती काढायचीच आहे, गंज कागद खातो. पण काढण्याआधी काय कशाला टाचलेलं होतं ते नोंदवायचं, मग काढायची.

म्हणून पहिलं काम हात न लावण्याचं. ट्रंक उघडा, झाकण उघडं असताना वरून फोटो घ्या. ट्रंकेला आकडा द्या, आतल्या प्रत्येक गठ्ठ्याला, पाकिटाला, पिशवीला आकडा द्या आणि वरून खाली ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने वहीत उतरवा: ‘ट्रंक १, गठ्ठा ३, सुतळीने बांधलेला, वर निळ्या पेन्सिलीने “दिवाळी” लिहिलंय, साधारण ६० कागद.’ एवढंच. वाचत बसायचं नाही. वाचायला बसलात की तिसऱ्या पत्रावर डोळे भरून येतात, चौथं मावशीला दाखवायला बाहेर जातं आणि परत येत नाही. दोन ट्रंकांना या कामासाठी दोन दिवस धरा. गठ्ठा खरोखरच विस्कटलेला असेल, म्हणजे कुणीतरी आधीच उलथापालथ केली असेल, तर तसं लिहा आणि पुढे जा. मोडलेला क्रम अंदाजाने परत जुळवू नका.

आकडे कागदावर घालायचे ते मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, कागद टणक टेबलावर ठेवून, दाब न देता. बॉलपेन नाही, चिकटपट्टी नाही, रंगीत चिकटचिठ्ठ्याही नाहीत. त्यांचा डिंक दिसत नाही पण राहतो, आणि त्यावर धूळ बसते.

दुसरं काम किडीचं आणि बुरशीचं, कारण ट्रंका माळ्यावरून आल्या असणार. जिवंत कीड कशी ओळखायची? कागद झटकल्यावर ताजी पिवळसर भुकटी पडली, चंदेरी कसर पळताना दिसली किंवा मातीच्या नळ्या दिसल्या, तर तो गठ्ठा बाकीच्यांपासून लगेच वेगळा काढा. वाळवी असेल तर आधी घराचा बंदोबस्त; कागद त्या भिंतीपासून हलवल्याशिवाय दुसरं काही करू नका. कसर आणि बोर पाडणाऱ्या अळ्यांवर उपाय थंडीचा आहे: गठ्ठा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करायचं आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुतेकदा एवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही. लगेच उघडली तर दव कागदावर धरतं, आणि किडीपासून वाचवलेला कागद पाण्याने जातो. फोटो, निगेटिव्ह आणि कॅसेट या पिशवीत घालू नका. डांबराच्या गोळ्या नकोत, फवारा नको. कडुनिंबाच्या पाल्याने नुकसान फारसं नाही, पण भरवसाही ठेवू नका. पाला ओला असेल तर तोच बुरशी आणतो.

बुरशी असेल तर नाकाला एन-९५ मुखपट्टी, हातात मोजे, आणि काम घराबाहेर, सावलीत. आधी कागद सुकू द्या, पंख्याची हवा थेट कागदावर न सोडता. ओली बुरशी पुसली की ती धाग्यांत घुसते. सुकली की मऊ ब्रशने मधून कडेकडे झटकता येते. उन्हात घालण्याचा मोह आवरा. ऊन बुरशी मारतं हे खरं, पण शाई उडवतं आणि कागद कडक करतं.

आता जिच्यापायी घरोघरी खूप कागद वाया गेलेत ती सांगतो: कॉपिंग पेन्सिल. युद्धकाळातल्या बऱ्याच फौजी पत्रांचं आणि डायऱ्यांचं लिखाण हिने केलेलं असतं, कारण दौतीची कटकट नाही आणि खोडरबराने पुसलं जात नाही. सुकं असताना अक्षर साध्या पेन्सिलीसारखं करडं दिसतं, कडेला कुठेतरी जांभळट झाक असते. भिंगातून पाहिलंत तर जिथे बोटाचा घाम लागलाय तिथे जांभळे ठिपके दिसतील. तिच्यात शिशाबरोबर पाण्यात विरघळणारा जांभळा रंग असतो. ओलावा लागला की करडी अक्षरं एका क्षणात जांभळी होतात आणि पसरतात. परत मागे नेण्याचा मार्ग नाही. म्हणजे अशा कागदावर ओलं फडकं नाही, खळ नाही, डिंक नाही, घडी सरळ करायला वाफ नाही. आणि पावसाळ्यात हे पाकीट सगळ्यात कोरड्या जागी. ट्रंकेतला सगळ्यात नाजूक कागद बहुतेकदा हाच असतो, आणि दिसायला तो सगळ्यात धडधाकट दिसतो.

बाकीच्या कागदांचं वागणंही वेगवेगळं. टाकाने लिहिलेल्या जुन्या काळ्या शाईत बऱ्याचदा लोह असतं. अशी शाई तपकिरी पडते आणि अक्षराच्या जागीच कागद तडकतो, म्हणून असं पान घडी न घालता सपाट ठेवा. कार्बन प्रती बोटाने पुसट होतात. सायक्लोस्टाइलचे कागद भुसभुशीत होऊन कडेने तुटतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लधर्मी. तो स्वतः तर पिवळा पडतोच, पण शेजाऱ्यालाही जाळतो. पत्राच्या पाठीवर आयताकृती तपकिरी छाया दिसली तर समजा, तिथे वर्षानुवर्षं कात्रण दाबून ठेवलेलं होतं. त्यामुळे कात्रण आणि पत्र एकाच घडीत सापडलं तर नोंद करून वेगवेगळ्या पाकिटांत घाला, आणि दोघांच्या पाकिटांवर एकमेकांचा आकडा लिहा. ऐंशी-नव्वदच्या दशकातले फॅक्स औष्णिक कागदावरचे असतील तर ते आधीच उडत आलेले असतात. पहिल्या दिवशीच त्यांचे फोटो काढा.

लॅमिनेशन का नको, तेही इथेच. गरम यंत्रातून काढलेलं प्लास्टिक परत निघत नाही. आतलं आम्ल आतच राहतं, कागद जळत राहतो, फक्त आता बाहेरून चकचकीत दिसतो. फॅक्सचा औष्णिक कागद त्या यंत्रात घातला तर तिथल्या तिथे काळा होतो. ‘सरकारी दप्तरात करतात ना’ असं कुणी म्हणेल. राष्ट्रीय अभिलेखागाराने स्वतः विकसित केलेली पद्धत वेगळी होती: सेल्युलोज ॲसिटेटची पातळ पटली आणि टिश्यू कागद, तेही उष्णता न देता ॲसिटोनने चिकटवलेला. आज जाणकार दुरुस्तीकार तीही टाळून जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ वापरतात, कारण खळ पाण्याने सुटते. फाटलेलं पान तुम्ही स्वतः जोडू नका. दोन्ही तुकडे एका पाकिटात ठेवा. फाटलेलं पान पन्नास वर्षं थांबू शकतं, सेलोटेप लावलेलं पान थांबत नाही. आधीच लावलेला सेलोटेप ओढून काढायचा नाही. त्याचा डिंक सुकून पट्टी आपोआप सुटली असेल तर उचला, नाहीतर राहू द्या.

टाचण्या आणि स्टेपल काढायची पद्धत: टाचणीच्या दोन्ही बाजूंना पातळ पारदर्शक पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, म्हणजे कागद घासणार नाही, आणि टाचणी तिच्याच रेषेत मागे ओढा. गंजाने चिकटली असेल तर आधी हलकेच गोल फिरवून सोडवा. स्टेपलचे पाय मागून बोथट, पातळ सुरीने उभे करा आणि मग पुढून उचला. दुकानातलं दात असलेलं यंत्र वापरू नका, ते जुन्या कागदाला खिंडार पाडतं. परत एकत्र ठेवायला नवी क्लिप नको, दुमडलेला आम्लविरहित कागद पुरतो.

साहित्य फार लागत नाही. आम्लविरहित फोल्डर आणि खोके, पीएच ७ ते ८.५च्या मधले. एका फोल्डरमध्ये २० ते २५ कागद, खोका इतका भरायचा की पाकीट काढताना शेजारचं ओढलं जाणार नाही, पण इतका रिकामा नाही की कागद मधे वाकतील. पारदर्शक पाकिटं हवीच असतील तर पॉलिएस्टरची, पीव्हीसीची नाहीत. त्यांतून निघणाऱ्या वाफेने बॉलपेन आणि टंकलिखित अक्षरं प्लास्टिकवर उमटतात. खोके मिळत नसतील तर आपल्याकडचा जुना रुमाल, म्हणजे दप्तर बांधायचं कापड, अजूनही उत्तम आहे: पेशवे दप्तर रुमालांतच टिकलं. फक्त कापड लाल खारव्याचं नको, भिजलं तर रंग सोडतं. कोरा मांजरपाट दोनदा धुऊन, खळ काढून, पूर्ण वाळवून घ्या. गठ्ठ्याच्या वर-खाली आम्लविरहित पुठ्ठा ठेवा आणि कापडाची गाठ न मारता रुंद पट्टी बांधा. दोरीने कडा कापतात.

ठेवायचं कुठे? माळ्यावर नाही, पत्र्याखाली नाही, बाथरूमच्या भिंतीला लागून नाही. आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच, लोखंडी कपाटात. २०-२५ अंश आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हे पुस्तकातलं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ते जमणार नाही. एक साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. आकडा ६५च्या वर काही दिवस राहिला की बुरशीची तयारी सुरू झाली असं धरा. सिलिका जेल फक्त घट्ट झाकणाच्या डब्यात उपयोगी आणि रंग बदलल्यावर तव्यावर वा ओव्हनमध्ये पुन्हा वाळवावं लागतं. उघड्या कपाटात ते दोन दिवसांत थकतं.

आता मांडणी. मूळ क्रम नोंदवून झाल्यावरच मालिका पाडायच्या, आणि त्या त्याच्या आयुष्याने पाडलेल्या असाव्यात, तुमच्या सोयीने नव्हे. अशा माणसाच्या संग्रहात साधारण इतक्या निघतात: फौजी कागद, पत्रव्यवहार, डायऱ्या आणि बातमीदाराच्या वह्या, वर्तमानपत्राचं काम, साहित्याची हस्तलिखितं, फोटो, वस्तू. आठवी एक करा: ‘अर्ज आणि तक्रारी’. पेन्शनसाठी, जमिनीसाठी, पदकासाठी केलेले अर्ज, त्यांचे खर्डे आणि सरकारी उत्तरं यांना लोक कटकट समजून आधी फेकतात. पण महाराष्ट्रात फौजी माणूस लेखणी उचलतो ती बऱ्याचदा अर्जातून. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून पेन्शनवर आलेले. ‘दीनबंधू’सारख्या पत्रांत त्यांनी लिहिलं आणि १८९४ साली महारांना पुन्हा लष्करात घ्यावं म्हणून विनंतीअर्ज तयार केला. तो अर्ज आज सामाजिक इतिहासाचा पहिल्या प्रतीचा कागद मानला जातो. अर्जाच्या मसुद्यात माणूस स्वतःची ओळख ज्या शब्दांत देतो तशी ती कुठल्याही आत्मचरित्रात देत नाही.

एका नोंदीचा नमुना देतो. आ म्हणजे आजोबांचा संग्रह, २ म्हणजे पत्रव्यवहार, ४ म्हणजे चौथं पाकीट, १७ म्हणजे सतरावा कागद:

आ/२/४/१७. वडिलांना पत्र. मोडी, कॉपिंग पेन्सिल. १ कागद, दोन्ही बाजू लिहिलेल्या. तारीख नाही, [एप्रिल १९४५, पाकिटावरच्या शिक्क्यावरून]. सेन्सॉरचा शिक्का आहे. उजवा वरचा कोपरा कसरीने खाल्लेला, तीन ओळींतले शेवटचे शब्द गेलेले. सापडलं तेव्हा आ/४/२/९ला (लेखाचा खर्डा) टाचलेलं होतं. आणखी पाहा आ/३/१/२ (वही), आ/५/१/४० (हस्तलिखित).

चौकोनी कंसात तुमचा अंदाज आणि तो कशावरून, हे नेहमी. कागदावर लिहिलेली तारीख आणि तुम्ही काढलेली तारीख यांची गल्लत झाली की पुढचा प्रत्येक माणूस ती चूक पुढे नेतो. ‘आणखी पाहा’ ही ओळ सगळ्यात कंटाळवाणी, आणि सगळा संग्रह तिच्यावर उभा. आणि एकदा दिलेला आकडा बदलायचा नाही. या जातीचा, खूप चाळला गेलेला एक संग्रह बेसिल लिडेल हार्ट यांचा: पहिल्या महायुद्धातले कॅप्टन, १९१६ साली सोमच्या लढाईत विषारी वायूने जायबंदी, मग ‘डेली टेलिग्राफ’ आणि ‘टाइम्स’चे लष्करी बातमीदार, मग ग्रंथकार. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या त्यांच्या कागदांचे ‘एलएच १’ अशा धाटणीचे आकडे शेकडो पुस्तकांच्या तळटिपांत आहेत. आकडे बदलले तर त्या सगळ्या तळटिपा आंधळ्या होतील. तुमच्या आजोबांचा संग्रह लहान आहे, पण नियम तोच.

फौजी कागद वाचायला थोडी खूण लागते. ‘सी.एम.एफ.’ म्हणजे मध्य भूमध्य फौज, थोडक्यात इटली, ‘एम.ई.एफ.’ म्हणजे मध्यपूर्व. ‘सीॲक’ म्हणजे आग्नेय आशिया कमांड, ब्रह्मदेशाकडची बाजू. ‘एफ.पी.ओ.’ आणि आकडा म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस; टपालसंग्राहकांनी त्या आकड्यांच्या जागा आणि तारखा जुळवलेल्या आहेत, त्यावरून बिनतारखेचं पत्रही महिन्याच्या अंतरापर्यंत आणता येतं. पाकीट फेकू नका ते यासाठी. तिकिटासाठी कोपरा कापू देऊ नका तेही यासाठी. पलटणीची रोजची युद्धडायरी लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळते: दुसऱ्या महायुद्धातल्या मध्यपूर्वेसाठी डब्ल्यूओ १६९, इटलीसाठी डब्ल्यूओ १७०, ब्रह्मदेशासाठी डब्ल्यूओ १७२. आजोबांची वही तिच्याशी ताडून पाहा, पण वही ‘दुरुस्त’ करू नका. तारीख दोन दिवसांनी चुकलेली असेल तर ती चूकही नोंदीत तशीच राहू द्या, शेजारी शेरा लिहा.

वहीची भाषा गोंधळात टाकेल. फौजेत तेव्हा कामकाजाची आणि शिकवण्याची भाषा रोमन लिपीतली हिंदुस्थानी होती, त्यामुळे एकाच वहीत घरचा हिशेब मोडीत, कवायतीच्या नोंदी रोमन उर्दूत आणि कविता बाळबोधीत असू शकतात. ती वही फाडून तीन करू नका. मोडी वाचणारा आधी त्याच काळातल्या कागदावर तपासून घ्या. पेशवाई मोडीत तरबेज असलेला माणूस १९४०च्या शाळकरी मोडीला अडखळू शकतो. आजोबांचं पहिलं छापील लिखाण शोधत असाल तर ‘फौजी अखबार’ही चाळा. ते १९०९पासून निघत होतं, १९५४ साली ‘सैनिक समाचार’ झालं.

डिस्चार्ज प्रमाणपत्र, पेन्शनचा आदेश, पगारपुस्तिका हे सगळं मूळ सांभाळा. पेन्शन नसलेल्या सैनिकांची सेवा-कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर, म्हणजे पंचवीस वर्षांनी, नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. म्हणजे घरातली प्रत ही बऱ्याचदा जगातली एकमेव प्रत असते. पदकं घासू नका. हिंदी सैनिकांना दिलेल्या पदकांच्या कडेला बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, आणि पितळ चकाकवायच्या पावडरीने सगळ्यात आधी तीच अक्षरं झिजतात. फितीही बदलू नका.

बातमीदाराच्या कागदांत लोक फसतात ते पाठीमागच्या बाजूला. न्यूजरूममध्ये कोरा कागद कुणी वापरत नसे. टेलिप्रिंटरच्या भेंडोळ्याच्या पाठीवर बातमी, निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर अग्रलेखाचे मुद्दे, जुन्या फौजी फॉर्मच्या पाठीवर कथा. दोन्ही बाजू मजकूरच आहेत. टेलिप्रिंटरच्या बाजूला तारीख छापलेली असते, म्हणून मागच्या खर्ड्याची तारीख ‘या दिवसानंतर’ इतकी तरी पक्की होते. प्रुफांतही तसंच: गॅली प्रूफ (पानं पाडण्याआधीची लांब पट्टी) आधीचं, पानांचं प्रूफ नंतरचं, आणि दोन्हींवर लाल आणि निळ्या शाईत दोन वेगळे हात असतात. लेखकाचा कुठला आणि संपादकाचा कुठला हे ठरवल्याशिवाय ‘लेखकाने बदल केला’ असं नोंदीत लिहू नका.

गोणीतली कात्रणं. त्यांचे मूळ अंक एखाद्या ग्रंथालयात असतील तर कात्रण हे फक्त सोयीचं. आम्लविरहित कागदावर छायाप्रत काढा, पेपरचं नाव आणि तारीख लिहा आणि मूळ वेगळ्या खोक्यात ठेवा. पण कात्रणाच्या समासात आजोबांच्या हाताने एक शब्द जरी लिहिलेला असेल तर ते कात्रण राहत नाही, हस्तलिखित होतं. छोट्या जिल्हा पत्रांचे पूर्ण संच क्वचितच कुठे शिल्लक आहेत. त्यामुळे रद्दीत घालायचं असं या गोणीत फारच थोडं निघेल: एकाच अंकाच्या कोऱ्या, खूण नसलेल्या जादा प्रती, त्याही दोन ठेवून बाकीच्या.

फोटोंसाठी अल्कधर्मी कागद टाळा, साधा आम्लविरहित वापरा. काळ्या पानांचा अल्बम सोडवू नका, पानांमध्ये पातळ कागद घाला. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरचा वास आला तर ती फिल्म सडतेय. तिला बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि आधी तिचंच स्कॅनिंग करा. युद्धाआधीच्या किंवा युद्धकाळातल्या फिल्मा नायट्रेटच्या असू शकतात, त्या पेट घेतात. घरात साठवू नका, जाणकाराला विचारा.

स्कॅनिंगबद्दल फार लिहीत नाही. मजकुराला ३०० ते ४०० डीपीआय, फोटोंना ६००, निगेटिव्हला ३०००च्या आसपास. मूळ प्रत टिफमध्ये, वाचायला पीडीएफ. फाइलचं नाव म्हणजे कागदाचा आकडाच, शून्यं भरून: आ-०२-०४-०१७-अ आणि -ब. कोरी वाटणारी बाजूही घ्या. फोनवरची स्कॅन ॲपं कडा छाटतात आणि कागद पांढरा करतात. समासातली पेन्सिलीची खूण त्यात पहिली जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी.

कायद्याच्या तीन गोष्टी. पहिली: १९४७नंतरचे लष्करी आदेश, मोठ्या प्रमाणातले सीमाभागाचे नकाशे, ‘गुप्त’ शिक्का असलेले कागद बातमीदार म्हणून त्यांच्याकडे आलेले असतील, तर ते वेगळे ठेवा, स्कॅन करून कुठेही टाकू नका. १९२३चा गोपनीयता कायदा वारसांनाही लागू आहे. वकिलाला विचारून, ते संस्थेकडे जाण्याआधी, निकाली काढा. दुसरी: पत्र तुमच्याकडे असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. आजोबांच्या हयातीत छापून आलेल्या लिखाणाचा हक्क त्यांच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं; १९८८ साली वारले असतील तर २०४८ संपेपर्यंत. नोकरीत असताना लिहिलेल्या लेखांचा वर्तमानपत्रात छापण्यापुरता हक्क करारात वेगळं नसेल तर मालकाचा, पुस्तकासाठी लेखकाचा. तिसरी कायद्यापेक्षा सचोटीची: बातमीदाराच्या वहीत खबर देणाऱ्यांची नावं असतात. गावातली माणसं, काहींची मुलं-नातवंडं अजून तिथेच. अशा वह्या ३० वर्षं बंद अशी अट घालून द्या. फाडू नका, नावं काळी करू नका.

आता द्यायचं कुणाला. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय खासगी कागद घेतात. महाराष्ट्रात राज्य पुराभिलेख, भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्याकडे विचारणा करता येते. नावापेक्षा उत्तरं पाहा. यादी करायला माणूस आहे का? किती दिवसांत? पावसाळ्यात कोठीची आर्द्रता किती असते? वाचकाला मूळ देता की प्रत? संग्रह एकत्र ठेवाल की पदकं संग्रहालयात, पुस्तकं ग्रंथालयात असं फोडाल? या शेवटच्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं तर दुसरं दार ठोठवा. पदकं कुटुंबाला ठेवायचीच असतील तर ठेवा, पण त्यांचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो यादीत जाऊ द्या.

दानपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. एका आत्याची राहिली तर दहा वर्षांनी संस्था पेचात पडते. देणगी की नुसती ठेव, प्रकाशनाचा हक्क दिला की राखला, कोणत्या पेट्या कधीपर्यंत बंद, नक्कल काढू द्यायची का, आणि संस्थेला नको असलेला कागद ती परत करेल की टाकेल, हे सगळं लिहून घ्या. तुमची हाताने केलेली पहिली यादी, ‘ट्रंक १, गठ्ठा ३’वाली, दानपत्राला जोडा आणि तिची एक प्रत ट्रंक १च्या झाकणाला आतून पाकिटात घालून द्या. संस्था पुढे जी व्यवस्थित सूची करेल तिच्यात सुतळीचा आणि निळ्या पेन्सिलीचा उल्लेख बहुधा नसेल.